बायपासमधला रक्तस्राव आणि ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड

प्रश्न : वडिलांचं वय ६४, वजन ७० किलो, क्रिएटिनिन १.८. पुढच्या आठवड्यात बायपास आहे. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड देणार आहेत. रक्त गोठवणाऱ्या औषधाने नवी जोडलेली वाहिनीच तुंबली तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे औषध रक्त गोठवत नाही, झालेली गुठळी विरघळू देत नाही. हार्ट-लंग मशीनमधून रक्त फिरलं की शरीरातली गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा जोरात सुरू होते. प्लास्मिनोजेन हे प्रथिन गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांवर लायसिन या अमिनो आम्लाला धरून बसतं, मग धागे तुटतात. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडची घडण लायसिनसारखीच असल्याने ती पकड आधीच अडते. म्हणून ते रक्तस्रावाची वाट न पाहता, ऑपरेशनच्या सुरुवातीलाच देतात.

तुमच्या शंकेचं उत्तर २०१७च्या अ‍ॅटाकॅस चाचणीत आहे. ४,६०० हून अधिक रुग्णांत हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात वाढले नाहीत. रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडण्याचं प्रमाण २.८ वरून १.४ टक्क्यांवर आलं. फिट्सचे झटके मात्र ०.१ वरून ०.७ टक्के झाले, आणि तिथले डोस मोठे होते.

तुम्ही विचारायला हवं ते डोसबद्दल. कमी डोसची एक पद्धत अशी : सुरुवातीला किलोमागे १० मिलिग्रॅम, मग ऑपरेशन संपेपर्यंत तासाला किलोमागे २. वडिलांना पहिला डोस ७०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या इंजेक्शनचे ७ मिलिलीटर. औषध जवळजवळ सगळं लघवीतून बाहेर पडतं. १.८ क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं, मग ते अंगात साठतं, मेंदूला शांत ठेवणारे ग्लायसिन रिसेप्टर अडतात आणि झटके येऊ शकतात. त्यामुळे सलाइनमधून चालू राहणारा डोस कमी करावा लागतो. रिपोर्ट भूलतज्ज्ञांच्या हातात स्वतः द्या.

टाका सुटला असेल, मशीनसाठी दिलेलं रक्त पातळ करणारं हेपरिन पुरतं उतरलं नसेल, तर ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडचा उपयोग नाही. गुठळ्या होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. पण स्वतःहून काहीही बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर.

आयसीयूत छातीच्या नळीतलं रक्त तासातासाला मोजतात. सलग काही तास २०० मिलिलीटरच्या आसपास आलं, तर सर्जन छाती पुन्हा उघडण्याचा विचार करतात. वाहणारी नळी अचानक कोरडी पडली आणि बीपी उतरू लागला, तर रक्त थांबलं असं समजू नये. गुठळीने नळी बुजून हृदयाभोवती रक्त साचत असू शकतं. त्याच मिनिटाला सिस्टरना हाक मारा.