दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाचा सुमारे 85 टक्के भाग जंगल आहे, मग तिथल्या जंगलातून हरितगृह वायूंचं उत्सर्जन कसं होतं?

उभं जंगल कार्बन धरून ठेवतं. हिशोबात येतं ते तुटलेलं आणि खराब झालेलं जंगल. गयानात त्यामागचं सगळ्यात मोठं कारण शेती नाही, तर सोन्याच्या खाणी. झाडं काढून वरची माती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढतात, त्यामुळे तिथे पुन्हा जंगल उभं राहायला फार काळ लागतो.

लाकूडतोडीचा हिशोब जास्त फसवा. तिथे निवडक झाडं तोडतात, पण एक मोठं झाड पडताना शेजारची कितीतरी मोडतात, शिवाय ओंडके ओढायला वाटा पाडाव्या लागतात. वरून पाहिलं तर जंगल हिरवंच दिसतं! म्हणून उपग्रहचित्रांवर भागत नाही, जमिनीवर जाऊन मोजमाप करावं लागतं.

पद्धत तशी सोपी. किती हेक्टर गेलं, गुणिले दर हेक्टरी किती कार्बन. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. त्या कार्बनला 44/12 ने (कार्बन डायऑक्साइडचा रेणू 44 वजनाचा, त्यातला कार्बन 12), म्हणजे सुमारे 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड मिळतो. आग लागली तर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही धरावे लागतात.

हे आकडे नुसते कागदी नाहीत. 2009 मध्ये नॉर्वेने जंगल राखण्याच्या बदल्यात गयानाला 25 कोटी डॉलरपर्यंत देण्याचा करार केला होता. गंमत म्हणजे 2019 च्या अखेरीपासून हाच देश समुद्रातून खनिज तेलही काढतोय, आणि ते परदेशात जिथे जळतं तिथलं उत्सर्जन गयानाच्या खात्यात धरलं जात नाही.