दमन की विध्वंस? : 'सीड' विमानांना मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आहे : युद्धाच्या बातम्यांत 'सीड' विमान हा उल्लेख येतो आणि त्याचा अर्थ 'शत्रूची हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त करणारं विमान' असा दिलेला असतो. हा अर्थ बरोबर आहे का? त्याला सुटसुटीत मराठी शब्द कोणता? आणि अशा अमेरिकन विमानांच्या 'वाइल्ड वीझल' या नावाला 'रानमुंगूस' म्हटलेलं चालेल का?

'उद्ध्वस्त' इथेच माझी हरकत आहे. 'सीड' हे 'सप्रेशन ऑफ एनिमी एअर डिफेन्सेस'चं आद्याक्षरी रूप. त्यातला कळीचा शब्द सप्रेशन. उद्ध्वस्त करण्यासाठी 'डिस्ट्रक्शन' असा वेगळा शब्द इंग्रजी लष्करी परिभाषेनं ठेवला आहे आणि त्याचं आद्याक्षरी रूप 'डीड' नव्हे, 'डेड' असं उच्चारतात. मूळ भाषेनं जपलेला हा फरक मराठीत येताना पुसून टाकू नये.

फरक समजायला आपल्याकडची शब्दवेधी बाणाची कथा फार कामाची आहे. घागर भरतानाचा बुडबुड आवाज ऐकून दशरथानं, हत्ती पाणी पितोय असं समजून, बाण सोडला आणि तो श्रवणाला लागला. या विमानांचं मुख्य अस्त्र अगदी असंच चालतं. जमिनीवरचं रडार लहरी सोडतं, त्या लहरींचा माग काढत क्षेपणास्त्र थेट उगमावर जातं. आता घागरीचा आवाज मध्येच थांबला असता तर? व्हिएतनाम युद्धात नेमकं हेच होई. रडार बंद केलं की अमेरिकेच्या 'श्राइक' क्षेपणास्त्राला दिशाच उरत नसे. (श्राइक म्हणजे आपला खाटीक पक्षी.) पुढच्या 'हार्म' क्षेपणास्त्रात रडारची शेवटची जागा लक्षात ठेवून तिकडे जात राहण्याची सोय केली गेली.

पण बाण चुकला तरी काम झालेलंच असतं. रडार बंद, म्हणजे विमानवेधी क्षेपणास्त्रं आंधळी. तेवढ्या वेळात आपली बॉम्बफेकी विमानं सुखरूप जाऊन येतात. १९९९ साली युगोस्लाव्हियावर नाटोचे हल्ले ७८ दिवस चालले. तिथल्या तुकड्या रडार बहुतेक वेळ बंद ठेवून, जागा बदलत राहिल्या आणि फिरत्या क्षेपणास्त्रांचा मोठा भाग शेवटपर्यंत शाबूत राहिला. विध्वंस झाला नाही, दमन मात्र झालं. आणि दमनच असल्यामुळे नाटोला ते रोज नव्यानं करावं लागलं.

म्हणून माझं मत 'दमन' या शब्दाला. 'दमनशाही'मुळे त्याला राजकीय वास येतो हे मान्य. पण मूळ 'दम्' धातू माणसाळवण्याचा, ताब्यात आणण्याचा. इंद्रियदमन म्हणजे इंद्रियांचा नाश नव्हे. मानसशास्त्रातही दमन केलेली इच्छा मरत नाही, संधी मिळताच डोकं वर काढते. बंद केलेलं रडार तसंच. पूर्ण संज्ञा 'वायुरक्षा दमन', आणि विमानाला 'दमनविमान'. लहरींचा गोंधळ माजवून रडारला आंधळं करणारं 'ग्राउलर'सारखं विमानही या शब्दात बसतं. 'विध्वंसक' म्हटलं तर ते बाहेर राहील.

याच ओघात आणखी एक. या क्षेपणास्त्रांच्या इंग्रजी नावात 'अँटी रेडिएशन' असतं, त्याचं 'किरणोत्सारविरोधी' करू नये. किरणोत्सार म्हटलं की अणुभट्टी डोळ्यांपुढे येते, इथे तर साध्या रेडिओलहरी आहेत. 'विमानवेधी' आपल्याकडे रुळलेलाच आहे, त्याच वळणावर 'रडारवेधी' सरळ आणि अचूक.

आता मुंगूस. २४ जुलै १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेचं एक एफ-४ विमान सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रानं पडलं आणि घाईघाईनं वाइल्ड वीझल विमानं तयार झाली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पहिला क्षेपणास्त्र तळ टिपला. वीझल हा भक्ष्याच्या बिळात शिरणारा सडपातळ प्राणी. मुंगूस वेगळ्या कुळातला, त्यामुळे भाषांतर म्हणून तो शब्द चुकीचा. शिवाय 'रानमांजर'मधला 'रान' इथे नाही, हा 'वाइल्ड' बेफाम या अर्थाकडे झुकतो. विशेषनाम आहे, वाइल्ड वीझलच राहू द्यावं.

समजावून सांगताना मात्र मुंगूस जरूर वापरा, कारण उपमा म्हणून तो वीझलपेक्षा सरस आहे. मुंगूस नागाला डिवचतो, फणा काढायला लावतो, दंश चुकवतो आणि मग झडप घालतो. हे वैमानिकही मुद्दाम रडारच्या टप्प्यात शिरत, शत्रूला ते चालू करायला भाग पाडत, अंगावर आलेलं क्षेपणास्त्र चुकवत आणि मग त्याच्या उगमावर तुटून पडत.