"पिशवी काढूनच टाकतो, मॅडम"

"पिशवी काढूनच टाकतो आता मॅडम, कटकट जाते." मानेवाड्याहून आलेली, ३८ वर्षांची ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळी झाली. नागपुरात समुपदेशन करताना हे वाक्य मी सतत ऐकते. पाळीचा नेम नाही, दहा-दहा दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात, ओटीपोटात कळा येतात, आणि ठाऊक असलेला उपाय एकच.

"काढू नका" असं मी म्हणाले नाही. घाईने दिलेल्या सल्ल्याने माणूस मिटतं, असा माझा अनुभव आहे. विचारलं, "ऑपरेशननंतर घरी आल्यावर काय कराल?"

ती बराच वेळ गप्प बसली. "झोपीन. जाऊबाईचं झालं तं दीड महिना कोणी उठवलं नाही त्यांना. सासूबाईंनी ताट हातात दिलं." मग डोळे भरून आले. "माझं दुखणं कोणाले दिसूनच नाही राहिलं."

तिला विश्रांती हवी होती आणि दुखणं खरं मानणारं कोणीतरी. घरात त्याची पावती फक्त टाक्यांनी मिळते, हे ती शिकली होती. वर्षानुवर्षं बायकांचं ऐकल्यामुळेच तो प्रश्न मला सुचला, असं मला वाटतं.

मी वही करायला सांगितली: तारीख, दिवसाला किती पॅड, गाठी, दुखणं दहापैकी किती. दोन महिन्यांनी ती वही नवऱ्याने वाचली आणि तोच तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेला. हिमोग्लोबिन ८ निघालं. १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत जाड दिसली, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भिंतीत शिरून वाढण्याचा आजार, अ‍ॅडेनोमायोसिस.

मैत्रिणींनो, असा त्रास फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ), पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) किंवा थायरॉइडमुळेही होतो, म्हणून आधी कारण शोधा. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घेतात; शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मेफेनामिक अ‍ॅसिडने दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात. हार्मोनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन काही वर्षं काम करतं. साध्या तांबीने मात्र रक्तस्राव वाढू शकतो, दोन्हींत गल्लत करू नका. यांनी भागलं नाही तर ऑपरेशन आहेच, पण "अंडाशय ठेवणार ना?" हे आधी विचारा. तीही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो, हाडंही लवकर ठिसूळ होतात. आणि तासाला एक पॅड भिजू लागलं, गरगरलं, तर वहीत लिहीत बसू नका, दवाखाना गाठा.

तिने हार्मोनचं साधन बसवलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पहिले काही महिने डाग दिसत राहिले, तशी कल्पना तिला दिलेली होती. आता दुपारी ती तासभर दार लावून झोपते. तो तास तिने सासूबाईंना स्वतः सांगून घेतला.