पेरू-बोलिव्हिया महासंघाच्या झेंड्यावर तीन चिन्हं का होती?

कारण राज्यंच तीन होती: दक्षिण पेरू, बोलिव्हिया आणि उत्तर पेरू. १८३६ मध्ये बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष आंद्रेस दे सांताक्रूझने त्यांची मोट बांधली. लाल कापडावर तिघांची राजचिन्हं शेजारी शेजारी, मधोमध बोलिव्हियाचं. सांताक्रूझ मूळचा बोलिव्हियाचा, तेव्हा मधली जागा कुणाला हे वेगळं सांगायला नको!

उत्तर पेरूने जुनंच पेरूचं चिन्ह ठेवलं: विकुन्या (लामासारखा प्राणी), सिंकोनाचं झाड (मलेरियावरचं कोयनेल याच्याच सालीतून मिळतं) आणि नाण्यांनी ओसंडणारं शिंग. दक्षिण पेरूने मात्र सूर्य घेतला. कुस्को, म्हणजे सूर्यपूजक इंकांची जुनी राजधानी, त्यांच्याकडेच होती ना.

शेजारच्या चिलीला ही युती खुपत होती. जानेवारी १८३९ मध्ये पेरूतल्या युंगायच्या लढाईत सांताक्रूझ हरला आणि महासंघासोबत झेंडाही गेला.