काळं इंजिन परत काळं होईल, ताई

प्रश्न : नमस्कार भाऊ. बाबांनी अंगणात कडुलिंबाखाली ४५ मिलिमीटरचे रूळ टाकून शकुंतलेची, म्हणजे आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या जुन्या नॅरोगेज आगगाडीची, छोटी प्रतिकृती केली. इंजिन विकतचं, छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या जर्मनीच्या एलजीबी कंपनीचं, प्लास्टिकचं. दोन डबे त्यांनी स्वतः पत्र्याचे बनवले, लाल रंगवले, पाट्याही हातानं लिहिल्या. सात उन्हाळे गाडी बाहेरच राहिली. इंजिन राखेसारखं झालंय अन् डबे गुलाबी. खोबरेल तेल लावलं की दोन दिवस बरं दिसतं, मग धूळ बसते. शेजारचे म्हणतात, थिनरनं पुसा. काय करू? – एक वाचक, दारव्हा

उत्तर : ताई, थिनर त्या इंजिनाजवळ आणूही नका. मी मूर्तिजापूरला ३२ वर्षं ट्रक-ट्रॅक्टर रंगवले, थिनर कायम हाताशी. त्याच सवयीनं घरच्या गाडीच्या एका प्लास्टिकच्या डब्यावर फडकं फिरवलं. पहिल्या हातात नंबर गेला, दुसऱ्या हातात प्लास्टिक चिकट झालं आणि फडक्याची वीण त्यावर उमटली. ती आजही तशीच आहे.

आधी तेल काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, आणि मोटरकडं पाणी जाऊ द्यायचं नाही. सावलीत वाळवा. झाडांना बोअरचं पाणी मारताना गाडीवर उडत असेल, तर बॉयलरवरचा पांढरेपणा निम्मा क्षारांचाच असतो. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पुसा, लगेच साध्या पाण्याचा हात फिरवा. चाकं आणि रूळ यांना व्हिनेगर लागू देऊ नका.

आता ओलं बोट इंजिनावर फिरवा. ओलं असेपर्यंत तिथं काळा रंग परत दिसतो का? दिसला, तर रंग शाबूत आहे. उन्हानं फक्त वरची साल खडबडीत झाली, त्यावर उजेड विखुरतो म्हणून आपल्याला राखाडी दिसतं. पाणी ते खड्डे भरतं. तुमचं खोबरेल तेलही तेच करत होतं, पण ते वाळत नाही म्हणून धूळ धरतं. काळ्या रंगात बहुतेक काजळीच असते आणि काजळी उन्हानं सहसा उडत नाही. त्यामुळं इंजिनाची मला काळजी वाटत नाही. लाल रंगाचं तसं नाही. कितीतरी लाल रंग उन्हापुढं टिकत नाहीत. डबा ओला करूनही गुलाबीच राहिला, तर तिथला लाल रंग गेला समजा. मग पॉलिश कितीही घासलं तरी उपयोग नाही, नवा हातच द्यावा लागेल.

इंजिनाला गाड्यांच्या पॉलिशसाठी मिळतं ते बारीक रबिंग कंपाउंड घ्या. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, मटराच्या दाण्याएवढं कंपाउंड आणि हलका हात. रिव्हेटांवर, कडांवर दाबू नका. छापील अक्षरांपासून दूरच राहा. त्यांवर चिकटपट्टीही लावू नका, काढताना अक्षरं सोबत निघतात. आरशासारखी चकाकी मात्र आणू नका. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं शकुंतलेचं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत आपल्या या मार्गावर धावलं, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा काळा तेल-धुराचा, मऊ काळा होता. म्हणून शेवटी पाण्यातला (थिनरचा नव्हे), ऊन झेलणारा मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक लेप, मारा. आधी इंजिनाच्या पोटाखाली थेंबभर लावून एक दिवस थांबा.

फवारा वीतभरापेक्षा थोडा लांबून, पातळ, दोन-तीन हातांत. मे महिन्याच्या दुपारी मारला तर थेंब पोचायच्या आतच वाळतो आणि पीठ उधळल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची सकाळ, दहाच्या सुमारास, हीच वेळ बरी.

डबे रंगवताना पाट्यांना हात लावू नका. चारी बाजूंनी कागद लावून बाकीचा पत्रा ६०० नंबरच्या पाणकागदानं घासा, गंज दिसेल तिथं प्रायमर द्या, मग लाल. नव्या लालाशेजारी पाटीची चौकट थोडी जुनी दिसेल. दिसू द्या. ती अक्षरं पुन्हा लिहिता येतील, पण बाबांच्या हाताची नसतील. पाटीवर फक्त क्लिअर.

पुढं गाडी एप्रिल ते जून घरात ठेवा. बाहेर राहिलीच तर सुती कापड झाका, प्लास्टिकचं नको, आत वाफ धरते.

आणि क्लिअर विकत घ्यायच्या आधी बाबांना एक विचारा : डब्यांना ऑइलपेंट मारला होता की ड्यूको, म्हणजे थिनरनं पातळ करून मारतात तो गाड्यांचा रंग? ऑइलपेंटवर थिनरवाला क्लिअर गेला, तर पाटी सुरकुतून जाईल. त्यांना आठवत नसेल तर डब्यांनाही पाण्यातलाच घ्या.