वाचक विचारतात : गाणी आपली, मग सॉफ्टवेअरला पैसे कशाला?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून मी माझ्या सुमारे ९०० सीडी फ्लॅक स्वरूपात संगणकावर उतरवल्या. त्यातलं निम्मं शास्त्रीय गायन-वादन, उरलेलं भावगीतं, गझल, थोडं जॅझ. आजवर फूबार२००० हा फुकट मिळणारा प्लेअर वापरत होतो. आता मुलाने 'रून' हे सॉफ्टवेअर चाचणीपुरतं लावून दिलंय. ते देखणं आहेच, पण मला त्यातून आवाजही जास्त उजळ आणि मोकळा वाटतो. चार दिवसांत चाचणीची मुदत संपेल. वर्षाची वर्गणी भरू, आजीवन परवाना घेऊ, की होतं तेच ठेवू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं 'आवाजही उजळ वाटतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. पैसे भरायचा निर्णय बहुतेक जण याच वाक्यावर घेतात, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. फ्लॅक ही फाइल तेच आकडे घट्ट बांधून ठेवते आणि वाजवताना जसेच्या तसे सोडते. प्लेअरचं काम एवढंच, की हे आकडे वाटेत न बदलता डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणापर्यंत पोचवायचे. दोन प्लेअर हे काम चोख करत असतील तर त्यांच्या आवाजात फरक पडायला जागाच उरत नाही. एक फुकट आहे आणि दुसरा विकतचा, हे त्या आकड्यांना ठाऊक नसतं.

मग तुम्हाला फरक का जाणवला? बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं. पहिलं म्हणजे विंडोजचा मिक्सर. साध्या मांडणीत तो सगळे आवाज एकत्र करतो आणि बरेचदा ४४,१०० चे ४८,००० करून पुढे पाठवतो. फूबारमध्ये आउटपुटच्या यादीत 'एक्स्क्लुझिव्ह' लिहिलेला पर्याय निवडलात की मिक्सर बाजूला होतो. दुसरं कारण आवाजाची पातळी. दोनांपैकी एक किंचित जरी मोठा वाजत असला, तरी कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. रूनमध्ये गाणं चालू असताना खालच्या पट्टीत एक बारीक दिवा दिसतो, तो बघा. जांभळा असेल तर आकडे न बदलता जाताहेत. निळा असेल तर सॉफ्टवेअरने आवाजावर काहीतरी प्रक्रिया केली आहे, आणि तुम्हाला आवडला तो त्या प्रक्रियेचा परिणाम असू शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मलाही विकतच्या प्लेअरचा आवाज वेगळा वाटत होता, अगदी खात्रीने. मग दोन्हीकडची पातळी मोजून सारखी केली, भाचीला कीबोर्डपाशी बसवलं आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले. वीस सेकंदांचा एकच तुकडा घेतला : आधी नुसते तानपुरे, मग आलापाची अखेर, मग तबल्याची पहिली सम. तो बारा वेळा ऐकला. सात वेळा बरोबर ओळखला, पाच वेळा चुकले. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण तेवढीच बरोबर आली असती. मुलगा घरी असेपर्यंत तुम्हीही हे करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यावर वर्षाची वर्गणी ठरते आहे.

आवाजाचा मुद्दा असा बाजूला झाला की राहतो तो खरा सौदा. रूनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही पैसे मोजता ते सापडण्याचे. २०१५ साली ते बाजारात आणणारी मंडळी त्याआधी सूलूस नावाच्या संगीतयंत्रणेवर काम करत होती. फाइलींची यादी दाखवण्यापेक्षा रेकॉर्डच्या पाठीवरची माहिती जिवंत करणं, हा त्यांचा ध्यास तेव्हापासूनचा. २०२३ मध्ये हरमन या ध्वनिउपकरणं बनवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली, तरी हा गाभा कायम आहे. मी पहिल्यांदा वापरलं त्या संध्याकाळी एका जॅझ रेकॉर्डवर बास वाजवणाऱ्याच्या नावावर सहज बोट ठेवलं, तर माझ्याच कपाटातल्या आणखी सहा रेकॉर्ड समोर आल्या. त्यातल्या दोन माझ्याकडे आहेत हे मी साफ विसरले होते. रात्री जेवण सोडून मी त्या माणसाच्या मागे फिरत होते. हा आनंद अस्सल आहे आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण तुमचा निम्मा संग्रह शास्त्रीय आहे, आणि तिथे हे गणित अडतं. ही सगळी जादू बाहेरून आलेल्या माहितीवर चालते. जॅझबद्दल ती माहिती भरघोस आहे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणांबद्दल ती इतकी तोकडी असते की जीव हळहळतो. राग शीर्षकात कोंबलेला, ताल गायब, तबला आणि हार्मोनियमच्या साथीला कोण होतं याचा पत्ता नाही. नावांचं तर विचारू नका. पंडित भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, नुसतं भीमसेन जोशी आणि आडनाव आधी लावलेलं जोशी भीमसेन : सॉफ्टवेअरच्या लेखी हे चार वेगळे गायक असू शकतात. त्यामुळे तुम्ही यमन शोधायला जाता आणि तुमच्याकडच्या अकरा यमनांपैकी चार हाती लागतात.

ही माहिती शेवटी आपल्यालाच भरावी लागते, आणि ती कुठे भरता हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, जो तुम्ही विचारलेलाच नाही. माझ्या वडिलांच्या कॅसेटींवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. 'मारवा. विलंबित. पुढचा भाग ब बाजूला. मध्ये खोकला आहे तो माझा.' त्या कॅसेटी मी संगणकावर घेतल्या आणि चिठ्ठ्यांतला शब्द न् शब्द एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकला. राग, ताल, साथीदार, तारीख, खोकलासुद्धा. सहाएकशे नोंदी झाल्या असतील. पुढे एका वर्षी वर्गणी थांबवली, दुसरा प्लेअर उघडला, तर फाइलींवर काहीच नाही. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. माझं सगळं लिखाण त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होतं, फाइलींना त्याचा स्पर्शही झालेला नव्हता. चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून दुसऱ्यांदा टंकता आलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, माहिती फाइलीच्या पोटात लिहा. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच चिकटवलेल्या माहितीच्या चिठ्ठीत, हवं ते नाव देऊन नवा रकाना उघडता येतो, फक्त रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. 'राग' असा रकाना करा, 'ताल' असा करा, 'तबला साथ' असा करा. विंडोजवर एमपी३टॅग हे फुकट सॉफ्टवेअर शंभर फाइली एकदम निवडून हे करू देतं. मूळ सीडींची नावं आणि साल भरून घ्यायला म्युझिकब्रेन्झ या लोकांनी मिळून उभारलेल्या कोशाचं पिकार्ड आहे. तेही फुकट, आणि ते गाण्याच्या ध्वनीवरूनसुद्धा गाणं ओळखायचा प्रयत्न करतं. नावांचं एकच लेखन ठरवा आणि शेवटच्या सीडीपर्यंत तेच ठेवा. तुमचा जुना फूबार या नव्या रकान्यांवरून याद्या लावतो. 'राग'वर लावा, आणि सगळे यमन एकाखाली एक आलेले बघा.

तेव्हा तुमच्यापुरतं माझं मत स्पष्ट आहे : आत्ता पैसे भरू नका. आधी टॅग. ९०० सीडींना रोज तीन या हिशेबाने दहा महिने लागतील. त्यानंतर महिन्याची वर्गणी घेऊन बघा, एकदम वर्षाची नको. त्या महिन्यात तुम्ही किती संध्याकाळी नावावरून नावावर फिरलात आणि किती संध्याकाळी नेहमीचाच अल्बम लावून बसलात, हे कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. पहिल्या खुणा जास्त निघाल्या तर खुशाल भरा. घरात तीन-चार खोल्यांत एकाच वेळी ऐकायचं असेल, किंवा टायडल वा कोबझ या स्ट्रीमिंग सेवांची वर्गणी असेल आणि ते संगीत स्वतःच्या संग्रहाशेजारी एकाच यादीत हवं असेल, तरीही पैसे वसूल होतात. स्पॉटिफाय आणि अॅपल म्युझिक मात्र रूनला जोडता येत नाहीत. शिवाय रूनचा सर्व्हर म्हणून एक संगणक सतत चालू ठेवावा लागतो, तोही हिशेबात धरा.

आजीवन परवान्यातलं 'जीवन' सॉफ्टवेअरचं असतं, तुमचं नव्हे. संगणकावरची गाणी घरात वाजवणाऱ्या स्क्वीझबॉक्स या यंत्रांची गोष्ट मला यासाठी नेहमी आठवते. लॉजिटेकने ती बनवणारी कंपनी २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये ही यंत्रं बंद केली आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही थांबवली. तरी ती यंत्रं आजही वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर खुल्या स्रोताचा, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणारा, होता आणि हौशी मंडळींनी तो लिरिऑन या नावाने चालू ठेवला. ज्या सॉफ्टवेअरचा स्रोत बंद आहे त्याच्या बाबतीत अशी मदतीला येणारी माणसं आली तरी काही करू शकत नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघीही नोकरी करतो, सीडी वगैरे काही नाही, फक्त स्ट्रीमिंग. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, ऐकायला महागडा प्लॅन घ्यायला हवा का?

उत्तर : आता सहसा नाही. अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं, स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ पासून अनेक देशांत प्रीमियमवाल्यांना द्यायला सुरुवात केली, भारतात मात्र ते महागड्या प्लॅटिनम प्लॅनमध्येच आहे. आधी हे बघा, की तुम्ही ऐकता कशावर. ब्लूटूथ इअरफोन असतील तर आवाज हवेतून जाताना बहुधा पुन्हा आकुंचन पावतोच, लॉसलेसमधलं लॉसलेसपण कानापर्यंत पोचत नाही. तारेचे हेडफोन घ्या, मग ऐका.

एक विनंती. जे अल्बम तुमचे जिवाभावाचे आहेत ते, पाच का असेनात, विकत घेऊन फाइल स्वरूपात जवळ ठेवा. हक्कांचे करार संपले की अल्बम स्ट्रीमिंगवरून निघून जातात. माझ्या यादीतलं एक नाव असंच एका सकाळी करडं झालं, आणि दाबलं तरी वाजेना. अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेलं त्याच अॅपमध्ये कुलूपबंद असतं, वर्गणी थांबली की तेही थांबतं.

प्रश्न : घरच्या संगणकावरची गाणी बाहेर असताना फोनवर ऐकायची आहेत. पैसे न भरता जमेल?

उत्तर : जमेल. नॅव्हिड्रोम हा फुकट सर्व्हर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही आरामात चालतो, आणि सबसॉनिक पद्धतीवर चालणारं कुठलंही अॅप त्याला फोनवरून जोडता येतं. पण बिघाड झाला की मिस्त्री तुम्हीच. घराबाहेरून सुरक्षित जोडणी करणं हा त्यातला अवघड भाग आहे. दोन शनिवार त्यात घालवायची तयारी नसेल तर रूनचं आर्क किंवा प्लेक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरचं प्लेक्सॲम्प हे फोनवरचं तयार अॅप वापरा. तिथे पैसे मोजावे लागले तर ते तुमच्या शनिवारचे आहेत, असं समजा.

आणि पहिल्या पत्रातल्या काकांना, तुमच्या ९०० सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३०० जीबी होतील. तेवढ्यासाठी एक जादा डिस्क आजच आणा, सगळं तिच्यावर उतरवा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. मुलाकडे ठेवलीत तर उत्तम. सहा महिन्यांनी ती जोडून तिच्यावरून एक गाणं पूर्ण वाजवून बघा. मी मारवा वाजवते, खोकला येईपर्यंत.