निऑन टेट्रा एका रात्रीत गेले? औषधाआधी गच्चीवरची टाकी बघा

दोन फुटी टँक, बारा निऑन टेट्रा मासे, रविवारी अर्धं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत सगळे वर येऊन हवा गिळायला लागले आणि सकाळी सात मेलेले. दुकानदार म्हणतो निऑन डिसीज आहे, निळं औषध टाका, टँक पूर्ण रिकामा करून धुऊन काढा. तुमच्या प्रश्नाचा सार एवढाच आहे ना? तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता हे शेवटी लिहिलंय, पण मी ते त्याआधीच ओळखलं होतं. आमच्याकडे, इथं कोल्हापुरातच, हेच घडलंय.

आधीच सांगते, मी काही माशांची डॉक्टर नाही. बरीच वर्षं टँक सांभाळतेय, तेवढ्यावर बोलतेय. तुमच्याकडे वेगळंही काही निघू शकतं. पण निऑन डिसीज असा एका रात्रीत येत नाही. तो प्लाइस्टोफोरा नावाच्या परजीवीमुळे होतो आणि सावकाश चढतो. एखादा मासा कळप सोडून एकटा राहायला लागतो, त्याच्या पट्टीचा रंग मध्येच पांढुरका पडतो, पुढे पाठ वाकते. मग काही दिवसांनी दुसऱ्याचा नंबर. त्यावर खात्रीचं औषध नाही, मिथिलीन ब्लू, म्हणजे दुकानदाराचं ते निळं औषध, तर नाहीच नाही. (रात्री दिवा बंद असताना निऑन फिके दिसतात, त्याला घाबरू नका. दिवा लावल्यावर थोड्या वेळात रंग परत येतो.) पाणी बदलल्यावर काही तासांत अर्धा कळप गेला, तर गुन्हेगार नव्या पाण्यातच शोधायचा.

टँक मुरवणं (नव्या टँकमध्ये घाण पचवणारे जीवाणू तयार होऊ देणं), फिल्टर, खाणं यावर मी काही लिहीत नाही. चार महिने टँक चालवलाय म्हणजे ते तुम्हाला येतंय.

आता आमचं प्रकरण. तेव्हा आम्ही ज्या सोसायटीत राहायचो तिथं गच्चीवरची टाकी वर्षातून एक-दोनदा कंत्राटदाराकडून धुऊन घ्यायचे. धुवायलाच पाहिजे, त्याला कुणाची ना नाही. पण धुतल्यावर टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर, टाकायची, ते पाणी ठरावीक वेळ ठेवून सोडून द्यायचं, मग ताजं भरायचं, ही पद्धत. कंत्राटदारानं ते पाणी तसंच नळाला सोडलं. फलकावर नोटीस नाही, व्हॉट्सॲपवर ओळ नाही. मी नेहमीसारखं पाणी बदललं आणि मासे वर आले.

सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारलं, टाकी धुतली का, काही टाकलं का? तिथल्या माणसानं रजिस्टर न उघडताच सांगितलं, "नाही हो मॅडम, मागच्या महिन्यातच झालीया. बाकी कुणाची तक्रार नाही. माशांसाठी आता वेगळी लाइन टाकू काय?" लेखी द्या म्हणाले, दिलं. कमिटीपुढं ठेवतो म्हणाले. कमिटीला कोरम नाही. मग सेक्रेटरी गावाला.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या एका "नाही"नं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. पाणी ठीक आहे म्हटल्यावर मी आजाराच्या मागे लागले. मासे वाचावेत म्हणून रोज थोडं पाणी बदलत राहिले, म्हणजे रोज त्याच टाकीतलं क्लोरीनचं पाणी त्यांच्यावर ओतत राहिले. वर दुकानातलं निळं औषध. पुढे वार्षिक सभेत हिशेब वाचला तेव्हा टाकी सफाईचं बिल निघालं, तारीख बरोबर त्याच आठवड्यातली. मी उभी राहून विचारलं तर चेअरमन म्हणाले, विषय पत्रिकेवर नाही. असो. माझा संताप अजून उतरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता क्लोरीन करतं काय ते नीट समजून घ्या, कारण तुमचे उरलेले पाच अजून धोक्याबाहेर नाहीत. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत येताना लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक आहे. माणसाला त्यानं काही होत नाही. तीन सेंटीमीटरच्या माशाला एवढंही जाचतं, आणि टाकी धुतलेल्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट असतं. कल्ले भाजतात, त्यावर चिकट थर धरतो, पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. ही झाली पहिली लाट. दुसरी काही दिवसांनी येते आणि तिथंच लोक फसतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये घाण पचवणारे जीवाणू असतात, त्यांनाही क्लोरीन मारतं. मग माशांच्या घाणीतून निघणारा विषारी अमोनिया साचतो, मागोमाग तसंच विषारी नायट्राइट वाढतं, आणि वाचलेले मासे मरायला लागतात. आपल्याला वाटतं आजार पसरला. मिथिलीन ब्लू टाकलंत तर उरलेसुरले जीवाणूही जातील, शिवाय काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं होईल ते वेगळंच.

म्हणून टँक रिकामा करून धुऊ नका. फिल्टरला हात लावू नका. खाणं दोन-तीन दिवस बंद, एअर पंप जोरात. आणि कुणाला काही विचारण्याआधी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते कळेल. गावाकडं ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतो, तीच ही. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं, जास्त असलं की नारंगीकडं झुकतं. स्विमिंग पूलच्या सामानात ही बाटली मिळते. तपासलेलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नको, आणि हात धुवा, ते रसायन चांगलं नाही. टँकचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तपासा.

पिवळं आलं तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून जी बाटली देतात त्यात बहुतेक हेच असतं. जुन्या फोटोग्राफरांच्या डार्करूममध्ये फिक्सर म्हणून हेच वापरायचे. कोल्हापूरला सिनेमाची परंपरा, कुणाच्या तरी माळ्यावर डबा सापडेलही, पण तो वापरू नका, नवीन घ्या. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम खडे विरघळवून ठेवायचे. नळाला नेहमीइतकं क्लोरीन असेल तर 20 लिटरच्या बादलीला यातलं 2 मिली भरपूर झालं. टाकी धुतल्याचा संशय असेल तर बादलीत थोडं थोडं वाढवत न्या आणि ओटीचा पिवळा रंग येईनासा झाला की थांबा. हायपो हाताशी नसेल तर पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून दिवसभर ठेवायचं. जास्त क्लोरीन असलं की तेवढ्यानं भागत नाही, पुन्हा टेस्ट हवीच.

त्यानंतर अमोनियाची किट आणा. महाग वाटेल, पण मेलेल्या माशांपेक्षा स्वस्त. अमोनिया दिसला तर रोज चौथा हिस्सा पाणी बदला, तेही हायपो मारलेलं. ओळखीत कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या. टँकचं पाणी गढूळ होईल, होऊ दे.

थोडं अवांतर. अपार्टमेंटमध्ये कॉर्पोरेशनच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतात, उन्हाळ्यात जास्तच. आपल्या नद्यांचं पाणी घाटातल्या पावसाचं, त्यामानानं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. बोअरचं जड, जास्त क्षारांचं. निऑन मूळचे ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आंबट पाण्यातले, त्यांना हा रोजचा बदल सोसत नाही. आणि महापुराचं विसरू नका. 2019 आणि 2021 ला उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहर टँकरवर आलं. टँकरच्या पाण्यात कुणी किती टीसीएल टाकलंय कोण सांगणार? जुलै लागायच्या आत दोन कॅन हायपो मारलेलं पाणी भरून ठेवा.

माझं मत विचाराल तर, नवखा माणूस निऑन घेऊन सुरुवात करतो हेच मला पटत नाही. झेब्रा डॅनियो घ्या, आपल्याच उपखंडातला मासा, कळपानं राहतो, कोल्हापूरच्या डिसेंबरची थंडीही त्याला फारशी जड जात नाही. दुकानदार तो पुढं करत नाही, कारण स्वस्त आहे. हे अनेकांना पटणार नाही, चालेल. मात्र निऑन नकोसे झाले म्हणून रंकाळा तलावात सोडायला जाऊ नका.

उरलेले पाच कळप म्हणून कमी आहेत, घाबरून कोपऱ्यात बसतील. तरी लगेच नवे आणू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन दोन आठवडे तसेच राहिले की मग एकदम सहा-सात आणा. आणि तोवर सोसायटीत विचारायला जाणार असाल तर टाकी कधी धुतली हे तोंडी विचारू नका, कंत्राटदाराचं बिल दाखवा म्हणा.